लॉजरची ओळ

वॉलॉंगॉंगच्या त्या घरात शिरलं की आधी वाकावं लागायचं. पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत पॅसेजभर नायलॉनची दोरी ताणलेली होती आणि तिच्यावर घरमालकीणबाईंचे पूर्वज वाळत घातलेले होते. म्हणजे त्यांचे कागद. इंग्लंडातल्या कुठल्याशा चर्चच्या वहीतल्या बारशाच्या, लग्नाच्या, दफनाच्या नोंदी आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या शिरगणतीच्या झेरॉक्स. प्रत्येक कागदाला कपड्यांचा चिमटा. बारशाला पिवळा, लग्नाला लाल, मेलेल्याला निळा. मी उंच, त्यामुळे रोज सकाळी कुणाचं ना कुणाचं तरी बारसं माझ्या केसांत अडकायचं. मग स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "ईझी, लव्ह! तो दोन वर्षांचा आहे फक्त."

बाई मेलेल्यांबद्दल कायम वर्तमानकाळातच बोलत. अमक्याचा खोकला थांबत नाही, तमकीला पाचवं होणार आहे. पहिला आठवडाभर मला वाटत होतं की घरात आणखी माणसं राहतात आणि ती फक्त माझ्या नजरेला पडत नाहीत.

त्या वर्षांत आपल्याकडून विद्यार्थ्यांचे लोंढेच्या लोंढे ऑस्ट्रेलियात येत होते. माझी कराडची मैत्रीण मृणाल हॅरिस पार्कात एका फ्लॅटमध्ये राहायची, तिथे हॉलमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत गाद्या टाकलेल्या असत आणि बाथरूमसाठी नंबर लागायचा. मला वॉलॉंगॉंगच्या युनिला ॲडमिशन मिळाली होती. बाईंच्या घरी रूम बघायला गेले तेव्हा मसाल्याचा वास, पाहुणे, हीटर या सगळ्यांवर उत्तरं पाठ करून गेले होते. बाईंनी त्यातलं काही विचारलंच नाही. कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान कलती करून त्यांनी माझ्याकडे तिरकं पाहिलं आणि विचारलं, "तुझे मागचे लोक तुला कुठपर्यंत ठाऊक आहेत?"

"पणजोबांपर्यंत," मी म्हटलं. आमच्याकडे श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं घेतात, तेवढी भटजींच्या तोंडून ऐकून पाठ होती.

"आणि पणजी?"

पणजीचं नाव मला येत नव्हतं. बाईंनी च्यक् केलं. मग माझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं, मधे दत्तात्रय आलं. ते बाप्याचं नाव आहे, वडिलांचं, आमच्याकडे सगळ्यांचंच असं असतं, हेही सांगितलं. त्या खुदकन हसल्या. "आणि आई कुठे बसली तुझ्या नावात?" याचंही उत्तर मी पाठ केलेलं नव्हतं. तरी रूम मिळाली.

ते तिरकं बघणं म्हणजे संशय नव्हे, हे मला पुढे कळलं. बाईंच्या दोन्ही डोळ्यांच्या बरोबर मधे धुकं साचत चाललं होतं. समोरचं दिसायचं नाही, कडेचं दिसायचं. म्हणून ज्याच्याकडे बघायचं त्याच्या शेजारी बघायचं, अशी त्यांनी युक्ती काढली होती. टीव्ही लावला की त्या शेजारच्या खिडकीच्या पडद्याकडे बघत बसत.

उभा जन्म त्यांनी पोर्ट केम्ब्लाच्या स्टीलवर्क्समध्ये कँटीनला काढला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या कारखान्याच्या धुराच्या चिमण्या दिसायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मागच्या खोलीत एक विद्यार्थी भाड्याने ठेवायचा, त्याला त्या लॉजर म्हणत, आणि बाकीचा वेळ इंग्लंडातल्या मेलेल्यांच्या मागे घालवायचा, असा त्यांचा संसार होता. ही मेलेली माणसंही काही सरदार-दरकदार नव्हती. परसातल्या भट्टीवर दिवसभर खिळे ठोकणारी, बायकापोरांसकट राबणारी. त्यांच्याविषयी बाईंना कमालीचा अभिमान होता. शिरगणती करणाऱ्या इंग्रज कारकुनावर मात्र त्यांचा राग. "बघ कसं गिरबटलंय! गरिबाच्या दारात उभं राहायची घाई झालेली याला."

दोरीवरच्या एखाद्याच्या बारशाची तारीख आली की बाई केक करायच्या. मागच्या डेकवर बसून आम्ही दोघी तो खायचो आणि पहिला तुकडा कठड्यावर ठेवला जायचा, काकाकुव्यासाठी. तोही मोठा गुणाचा, वेळेवर हजर. आमच्याकडे कावळा लागतो, तो मेल्याच्या तिथीला, असं मी एकदा सांगितलं. बाईंना ते मुळीच पटलं नाही. "मेल्याच्या दिवशी कुणाला भूक असते, लव्ह?"

त्यांचा एक नियम होता. एक कागद म्हणजे अफवा, दोन कागद म्हणजे माणूस. दोन कागदांत सापडल्याशिवाय कुणालाही हॉलच्या भिंतीवर जागा नाही. भिंतीवर वंशवृक्ष होता, प्रत्येकाचं एक कार्ड. नाव, बाप, आई, धंदा. त्यातल्या एका कार्डावर बापाच्या जागी नुसती आडवी रेघ होती. तो टॉम, म्हणजे थॉमस, बाईंच्या आजोबांचा बाप.

बाईंना आजोबांनीच वाढवलं होतं, आणि टॉमची गोष्ट त्यांना आजोबांनीच सांगितली होती. इंग्लंडात लग्नाच्या नोंदीत नवरदेवाच्या बापाच्या नावाचा रकाना असतो. टॉमच्या लग्नात पाद्र्याने बापाचं नाव विचारलं, टॉम गप्प उभा राहिला, आणि पाद्र्याने त्या रकान्यात रेघ मारली. "नवे बूट घालून उभा आहे पोरगा," बाई सांगायच्या. "सगळं चर्च बघतंय. आणि तो माणूस त्याच्या डोळ्यांदेखत रेघ मारतो." टॉम पुढे कुणाच्याच लग्नाला आत गेला नाही म्हणे. बाहेर घोडे धरून उभा राहायचा.

बाईंना त्या रेघेच्या जागी नाव हवं होतं. बस, एवढंच. बाकी सगळी खिळेवाली मंडळी त्या वाटेवर भेटत गेली म्हणून दोरीवर आली. वीसेक वर्षं शोध चालला होता. आता डॉक्टरांनी सांगितलं होतं की आहे ती नजर फार दिवस टिकायची नाही, आणि बाईंना ते नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, स्वतः वाचायचं होतं. "मी शोधतेय, तर मीच बघणार," असं त्या म्हणायच्या. या हट्टापुढे बोलायची सोय नव्हती.

माझे बाबा कराडला पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, गणपती मंडळांच्या. लहानपणी त्यांच्या हाताखाली मीही ब्रश धरला होता, त्यामुळे माझं अक्षर मोठं आणि ठसठशीत. किराणा सामानाची यादी मी फ्रिजवर लावली, तर बाई तीन पावलांवरून ती वाचत उभ्या राहिल्या. "हे मला दिसतंय," त्या हळूच म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी जाड काळे मार्कर आणि पुठ्ठ्याची कार्डं आणून माझ्यापुढे ठेवली. भिंतीवरची सगळी कार्डं मोठ्या अक्षरात नव्याने करायची.

एका रविवारी मृणाल ट्रेनने भेटायला आली होती. बाई मागे बागेत होत्या. मृणाल दोरीवरून एकेक कागद काढून वाचत होती, मी कार्डं रंगवत होते आणि आमच्या गप्पा चालू होत्या. तिच्या फ्लॅटमधल्या एकाने दुसऱ्याचं डाळीचं पातेलं कसं लपवलं, त्याची ती हकिकत होती.

"जोसेफ पाइक," मृणालने वाचलं. "यांना मधलं नावच नाही का गं कुणाला?"

"नाही. गरीब लोक, एकाच नावात भागवायचे."

"मग तो म्हणतो, पातेलं माझंच आहे, मम्मीने दिलंय. हं, हे घे. हा बघ एक बरा निघाला, पूर्ण नाव आहे. थॉमस हार्टली पाइक. आईचं नाव ॲन."

"थॉमस," मी लिहिलं. "वडील हार्टली. आई ॲन. पुढे?"

"पुढे काय, पातेलं मोरीत सापडलं."

आम्ही दोघी हसत होतो. तेवढ्यात बाई चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. टेबलावर ओळीने कार्डं सुकत होती. त्यांनी मान कलती केली, एकेक कार्ड बघत पुढे आल्या आणि एका जागी थांबल्या. ट्रे मृणालने धरला म्हणून वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

मी खाली पाहिलं. टॉमच्या कार्डावर, वीस वर्षं जिथे रेघ होती तिथे, माझ्या बाबांच्या वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं हार्टली.

"माहीत नसलेलं लिहायचं नाही," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच भीती वाटली. "या घरात ते कधीच करायचं नाही. हार्टली हे गाव आहे. ॲन तिथली. माझ्या आजोबांनी सांगितलंय मला."

"सॉरी. चुकून झालं," मी म्हटलं. "ते मधे होतं ना. मधे असलं की आम्हाला ते वडिलांचंच वाटतं."

"ट्रू, ट्रू," मृणाल मदतीला धावली. "आय ऑल्सो थॉट सेम."

"तुमच्याकडे असेल. आमच्याकडे मधे वाट्टेल ते असतं." त्यांनी कार्ड बाजूला सरकवलं, ते नाव झाकेल असा चहाचा कप त्याच्यावर ठेवला आणि मागे निघून गेल्या. खिडकीतून आम्हाला त्या दिसत होत्या. हातात पाण्याचा पाइप, आणि सगळं पाणी एकाच गुलाबाला.

"शिव्या घालतील का गं?" मृणालने विचारलं. मला रडू यायच्या बेतात होतं. इंग्लंडात हार्टली नावाची जेवढी म्हणून गावं आहेत, तेवढ्या सगळ्या चर्चना बाईंनी पत्रं धाडलेली मला ठाऊक होती. सगळीकडून अदबशीर नकार आले होते.

बऱ्याच वेळाने बाई आत आल्या. पायातले बूट चिखलाने भरलेले, तशाच पॅसेजमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, "एक्कावन्नचा सेन्सस काढ."

टॉमच्या जन्माच्या आधीच्या वर्षीची, अठराशे एक्कावन्नची ती शिरगणती. मी दोरीवरून तो कागद काढला. कागद कसला, पट्टी होती. बाईंची ही एक पद्धत. शिरगणतीचं पान घरी आणलं की त्या कात्री घेऊन बसत आणि फक्त आपली माणसं कापून ठेवत. शेजारचा चांभार, पलीकडचा दारूवाला, सगळे केराच्या टोपलीत. परक्यांना घरात कशाला घ्यायचं, असं त्यांचं म्हणणं.

"वाच."

मी वाचलं. जोसेफ पाइक, घरप्रमुख, खिळे करणारा. मेरी, बायको. ॲन, मुलगी, एकोणीस, खिळे करणारी. मग दोन लहान भाऊ. तिथे कात्री फिरली होती.

"त्यांच्या खाली काय होतं?" बाईंनी विचारलं. मला विचारलं नव्हतं. "हे मी अगदी सुरुवातीला कापलं. तेव्हा टॉमचं बारसंसुद्धा सापडलं नव्हतं. खाली काही होतं का?"

शनिवारी सकाळी आम्ही लायब्ररीत गेलो. तिथे जुन्या नोंदींच्या फिल्म बघायचं मशीन होतं, हँडल फिरवलं की पानं पडद्यावरून सरकायची. आसपास बाईंच्याच वयाच्या बायका आपापले पूर्वज शोधत बसलेल्या. मी हँडल फिरवत होते आणि बाई शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या, दवाखान्यात बसतात तशा.

पान सापडलं. जोसेफ, मेरी, ॲन, दोन भाऊ. आणि त्यांच्या खाली, त्याच घरात, आणखी एक ओळ होती. मी ती वाचली. मी तोंड उघडलं.

"वाचू नकोस," बाई म्हणाल्या. "एक अक्षर सांगू नकोस मला. मोठं कर."

मी ते जेवढं मोठं होत होतं तेवढं केलं. एका वेळी पडद्यावर दोन-तीनच अक्षरं मावत होती. बाईंनी मान वळवली, इतकी की कुणाला वाटावं त्या खिडकीबाहेरचं झाड बघताहेत. "सरकव," म्हणाल्या. मी सरकवलं. "मागे घे. हां." ओठ हलत होते. एच. ए. आर. एकेका अक्षरापाशी त्या थांबत, परत मागे जात. सांगून टाकावं असं शंभरदा वाटलं. पण ते त्यांचं होतं, मी ओठ दाबून बसले.

"जॉन हार्टली," बाईंनी वाचलं. मग पुढचा रकाना. तो लवकर आला, कारण तो शब्द त्यांच्या ओळखीचा होता. "लॉजर."

अविवाहित, वय बावीस, खिळे करणारा. हे मी मग वाचून दाखवलं.

"घरातच होता," बाई म्हणाल्या. "मी जगभर पत्रं पाठवतेय, आणि हा घरातच होता. त्यांच्याच टेबलावर जेवत होता. आणि मीच त्याला कापून टाकला." त्या हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. "माझ्या घरात जन्मभर लॉजर! आणि मी लॉजरलाच केरात टाकला!"

पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी शूऽ केलं. बाई तिकडे वळल्या. "शू काय? माझा खापरपणजोबा सापडलाय!" मग त्या सगळ्याच बायका उठून आमच्याभोवती जमल्या आणि लायब्ररीतली शांतता त्या दिवसापुरती संपली.

ट्रेनच्या स्टेशनकडे चालताना मी भीत भीत विचारलं, "मग तो पळून गेला असेल का?"

"गेला असेल. मेला असेल. खाणीत गेला असेल. बघू कधीतरी." बाईंनी माझा दंड धरला होता, रस्ता ओलांडताना त्या धरायच्या तसा. "पण ॲनने पोराच्या मधोमध त्याचं नाव ठेवलं. पाद्र्यासमोर, सगळ्या गावासमोर. जिचा जीव विटलाय ती असं करेल? आणि टॉमला ते ठाऊक होतं की नाही, देव जाणे. आजोबांना कुणीतरी गाव आहे म्हणून सांगितलं, त्यांनी मला सांगितलं."

"मग आता भिंतीवर?"

"बारसं आणि सेन्सस. दोन कागद झाले," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर मी नवीन कार्ड काढत होते, पण त्यांनी ते घेतलं नाही. मी चुकून लिहिलेलं जुनंच कार्ड त्यांनी बाहेर काढलं, कपाच्या गोल डागासकट, आणि स्वतःच्या हाताने भिंतीवर लावलं. थोडं तिरकं लागलं. ते तसंच राहिलं.

त्या आठवड्यात फोनकार्ड आणून मी ही सगळी हकिकत बाबांना सांगितली. ते मधेमधे हुंकार देत होते. मग म्हणाले, "म्हणजे त्या बाईने पोराला बापाचं नाव लावलंच की."

"हो ना, बाबा."

"आणि तू काढलंस होय?"

मी युनिच्या आयकार्डाचा फोटो घरी पाठवला होता. त्यावर दत्तात्रय नव्हतं. पहिल्या आठवड्यात एका लेक्चररने ते डेटा ट्रे असं वाचलं, वर्गभर हशा पिकला आणि मी ऑफिसात जाऊन मधलं नाव काढून घेतलं होतं. बाबांनी ते पाहिलं असेल असं मला वाटलंच नव्हतं. पण जन्मभर अक्षरंच बघत आलेल्या माणसाच्या नजरेतून ते कसं सुटणार?

"इथे लोकांना म्हणता येत नाही हो," मी म्हटलं.

"म्हणता न येऊ दे," बाबा म्हणाले. "लिहिता तर येतं."

ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाची शिरगणती आली. बाईंनी त्या दिवशी केस सेट करून घेतले होते. संध्याकाळी जेवणं उरकल्यावर टेबल पुसून फॉर्म मधोमध ठेवला गेला. युनितली निम्मी मुलं तो फॉर्म भरायच्या फंदात पडली नव्हती, काहींनी धंद्याच्या रकान्यात काहीबाही लिहिलं होतं. हे मी सांगितल्यावर बाई तापल्या. "सेन्ससशी खोटं बोलायचं नाही. माझ्या लोकांनी वयं चोरली, ती मी भोगलीत."

त्यांना आता फॉर्मवरच्या ओळी अजिबात दिसत नव्हत्या. मी वाचत होते, त्या सांगत होत्या, मी लिहीत होते. पहिली व्यक्ती त्या. मग दुसरी व्यक्ती. पहिल्या व्यक्तीशी नातं काय?

मी पेन थांबवलं. फॉर्मवर मुलगी, सून, भाची, सगळ्यांना चौकोन होते. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात एक वेडी आशा येऊन गेली.

"काय लिहू?" मी विचारलं.

"लॉजर," बाई म्हणाल्या. "दुसरं काय? आणि स्वच्छ लिही. त्या कारकुनासारखं गिरबटू नकोस."

त्या खोट्या बोलणाऱ्या नव्हत्याच. आणि त्या घरात त्या शब्दाहून मोठं नातं आता दुसरं नव्हतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी लॉजर लिहिलं.

शेवटचा प्रश्न होता, तुमचं नाव आणि माहिती जपून ठेवावी का, नव्याण्णव वर्षांनी लोकांना बघायला द्यावी का.

"हो," बाई म्हणाल्या. "दोघींचं हो. येईल कुणीतरी शोधत." मग मान कलती करून त्यांनी माझ्या शेजारच्या हवेत पाहिलं, म्हणजे माझ्याकडेच पाहिलं. "तुझं नाव पूर्ण घातलंस ना? मधलंसुद्धा?"

मी फॉर्म परत उलटला. नाव आणि आडनाव यांच्यामध्ये मी जागा सोडलेली नव्हती. मी ते सगळं खोडलं आणि वर नव्याने लिहिलं, बाबा दुकानाच्या पाटीवर लिहितात तसं, अक्षर अक्षर सुटं करून.

आज मी ब्लॅकटाउनला राहते. बाई नाहीत, ते घरही दुसऱ्यांचं झालं. तो कागद मात्र कुठेतरी बंद खोलीत वर्षं मोजत पडला असेल. कधीतरी कुणी तो बाहेर काढेल. त्या वर्षी, त्या रात्री, त्या घरात दोनच माणसं होती. पहिल्या ओळीत बाई, आणि तिच्या लगेच खाली, वडिलांच्या नावासकट, त्यांची लॉजर.